बाहेरची बैठक कोणत्या बाजूस असावी?

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र मुद्दाम बाजूला काढून ठेविलें होतें. पुण्याच्या एका उपनगरांतील एका भगिनींनीं तें लिहिलेलें असून त्यांतील प्रश्न दिसावयास लहान, पण विचार करूं लागलें म्हणजे बराच खोल जाणारा आहे. त्यांच्या बैठ्या बंगल्याची दुरुस्ती निघाली आहे. घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें. घर पश्चिमाभिमुख, पुढें रस्ता, मागें सुमारें २५ फूट खोल अंगण, आणि स्वयंपाकघर मागच्या दक्षिण कोपऱ्यांत, म्हणजे आग्नेयेस. दुरुस्तीबरोबरच घराला लागून, उघड्यावर परंतु छपराखालीं, अशी एक बैठकीची जागा बांधावी, संध्याकाळीं सर्वांना तेथें एकत्र बसतां यावें, चार पाहुणे आले तर त्यांचेंहि चहापाणी तेथेंच व्हावें, याविषयीं घरांत एकमत आहे. मतभेद आहे तो ही जागा कोठें असावी याविषयीं. मामंजींचें म्हणणें, ती पुढच्या बाजूस, रस्त्याकडे तोंड करून असावी. घराला शोभा येते ती पुढूनच. धाकट्या भाऊजींच्या मतें खालीं पैसा घालण्यापेक्षां गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून वर पत्रे टाकावे. सासूबाई म्हणतात, "तुम्ही काय तें ठरवा, मला जिना चढवत नाहीं एवढें लक्षांत ठेवा म्हणजे झालें." आणि पत्रलेखिका स्वतः? "माझें मत अद्याप कोणी विचारलेलें नाहीं," असें त्या लिहितात, "पण चहाचें तबक माझ्याच हातांत असणार आहे."

या शेवटच्या वाक्यांत प्रश्नाचें निम्में उत्तर येऊन गेलें आहे. उरलेलें निम्में ऊन आणि वारा यांच्याकडे मागावें लागतें. परंतु घर बांधतांना बहुधा या दोहोंपैकीं कोठेंच विचारणा होत नाहीं. समोरून घर कसें दिसेल हें नकाशावर पाहिलें जातें, त्यांत दोन खांब व एक कमान शोभून दिसते, आणि तेवढ्यावर व्हरांड्याची जागा ठरते. पुढें मे महिन्यांत संध्याकाळीं पांच वाजतां त्या कमानींतून ऊन आंत शिरूं लागलें म्हणजे बांबूचे पडदे येतात. पडद्यांनीं वारा अडतो म्हणून पंखा येतो. आणि पंख्याखालींच बसावयाचें तर घरांत बसलेलें काय वाईट, असें म्हणून सर्वजण आंत जातात. लाखों रुपये खर्चून बांधलेले आणि कुंड्या, सायकली व जुनीं वर्तमानपत्रें यांनीं भरून गेलेले असे व्हरांडे आपल्या उपनगरांतून वाटेल तितके दाखवितां येतील.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न एकाच जागेनें सोडविण्याचा प्रयत्न कोणी केला नव्हता. बाहेर बसण्याच्या तीन-चार जागा असत, आणि दिवस जसजसा सरे तसतशीं माणसें एका जागेवरून दुसरीकडे सरकत. वाड्याला रस्त्याकडे ओटा असे. आंत चौक व त्याच्या कडेनें सोपे. मागें परसांत विहीर, तुळस आणि धुण्याचा दगड. ओट्यावर पुरुषांनीं बसावें, जाणाऱ्या-येणाऱ्याशीं बोलावें. परसदारीं बायकांनीं भाजी निवडावी, पापड वाळत घालावे, एकमेकींच्या वेण्या घालाव्या. चौक दोघांचाहि, परंतु बाहेरचें कोणी नसेल तेव्हां. या मांडणींत जशी सोय होती तशी एक भिंतहि होती, आणि ती भिंत पुन्हा बांधावी असें आज कोणी म्हणणार नाहीं. मात्र ओटा आणि परस मिळून जें काम करीत तें आतां एकाच जागेकडून करून घ्यावयाचें आहे, हें विसरून चालत नाहीं. पुढच्या बाजूस बांधलेली बैठक ही ओट्याचीच वंशज असते, आणि ओट्याचे जुने रिवाज तिच्याबरोबर न कळत येतात. तेथें बसणारे बसतात आणि आणून देणारे आणून देतात.

आतां उन्हाचा विचार करूं. याबाबतींत आपल्याकडे एक ढोबळ समजूत आहे कीं पूर्वेला सकाळचें ऊन, पश्चिमेला संध्याकाळचें, दक्षिणेला दिवसभर आणि उत्तरेला कधींच नाहीं. ही समजूत हिवाळ्यापुरती खरी आहे. पुणें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेअठरा अंशांवर आहे, आणि उन्हाळ्यांत सूर्य त्याहूनहि उत्तरेकडे सरकतो. १३ मेच्या सुमारास व पुन्हा ३० जुलैच्या सुमारास पुण्यांत भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहींशी होते. शाळेंतील मुलें हल्लीं या दिवसाला "शून्य सावलीचा दिवस" म्हणतात आणि पटांगणांत काठ्या रोवून तो साजरा करतात. या दोन तारखांच्या मधल्या अडीच महिन्यांत पुण्याला दुपारचा सूर्य किंचित् उत्तरेकडूनच असतो. याहून महत्त्वाची गोष्ट मावळतीची. जूनच्या उत्तरार्धांत सूर्य नेमका पश्चिमेस न मावळतां तेथून सुमारें २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. डिसेंबरांत तितकाच दक्षिणेकडे सरकतो. म्हणजे एप्रिल-मेच्या संध्याकाळीं, जेव्हां बाहेर बसण्याची खरी ओढ असते तेव्हां, उत्तरेकडील जागेंत तिरपें ऊन शिरतें, आणि उत्तर बाजू थंड म्हणून तेथें बैठक मांडणाऱ्याला त्याचें मोठें आश्चर्य वाटतें.

पश्चिमेची गोष्ट सांगावयास नको. तेथील भिंत दुपारीं एक वाजल्यापासून तापत असते आणि ऊन गेल्यावरहि दोन-तीन तास पाठीमागून शेगडीसारखी ऊब देत राहते. उलट, घराच्या पूर्वेस दुपारनंतर घराचीच सावली पडते, आणि ही सावली फुकट मिळते. मेच्या मध्यास पुण्यांत चार वाजतां बारा फूट उंच घराची सावली सुमारें १४ फूट, पांच वाजतां सुमारें २४ फूट आणि सहा वाजतां ५० फुटांहून लांब पडते. म्हणजे पांचाच्या सुमारास या बंगल्याचें मागचें बहुतेक सगळें अंगण सावलींत आलेलें असतें. सूर्य किंचित् वायव्येकडे असल्यामुळें ही सावली सरळ पूर्वेस न जातां थोडी दक्षिणेकडे कलते. ईशान्य कोपऱ्याला ऊन चाटून जातें; आग्नेय कोपरा सावलींत राहतो.

हिवाळ्यांत हेंच गणित उलट होतें, आणि येथें आग्नेय कोपऱ्याची खरी योग्यता कळते. डिसेंबरांत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेकडे उगवतो. त्यामुळें सकाळचें पहिलें कोवळें ऊन याच कोपऱ्यांत येतें, आणि ज्या घरांत म्हातारीं माणसें आहेत त्या घरांत या उन्हाची किंमत सांगावी लागत नाहीं. भर दुपारीं डिसेंबरचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर येतो, अधिक नाहीं. दक्षिणेकडे छपराची बाहेरची कड आठ फूट उंचीवर असेल तर ऊन सुमारें सात फूट आंत पोंचतें. त्याच छपराखालीं मे महिन्यांत भर दुपारीं ऊन मुळींच येत नाहीं. कोणतेंहि यंत्र न लावतां, दोऱ्या न ओढतां, ऋतूप्रमाणें ऊन आंत घेणारें व बाहेर ठेवणारें असें हें छप्पर आहे.

येथें वाचक म्हणतील कीं हें सर्व ठीक. परंतु पुण्याच्या उन्हाळ्यांत संध्याकाळीं सुखाचा वारा येतो तो पश्चिमेकडून, आणि घराच्या पूर्वेस बसावें तर घरच तो वारा अडवितें. आक्षेप खरा आहे. पूर्वेकडील अंगणाच्या मध्यभागीं, दोन्ही बाजूंस कुंपणाच्या भिंती आणि मागें घर अशा ठिकाणीं बैठक घातली तर सावली मिळूनहि जीव गुदमरतो. परंतु कोपऱ्याला ही अडचण तितकी जाणवत नाहीं. घराच्या दक्षिण बाजूनें जी चिंचोळी मोकळी जागा नियमाप्रमाणें सोडलेली असते, तिच्यांतून वारा बोळांतून यावा तसा वेगानें येतो आणि आग्नेय कोपऱ्यावर बाहेर पडतो. ही वाट मात्र मोकळी राहिली पाहिजे. तेथें अडगळीची खोली, पाण्याच्या टाकीचा ओटा किंवा पत्र्याचें दार उभें केलें कीं वारा गेला. जाळीचें दार चालेल. आणि एक नवी पीडा सांगून ठेवावयास हवी: हल्लीं शयनगृहांतील वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग याच बोळांत टांगण्याची रीत पडली आहे. तो दिवसरात्र गरम हवा फेंकतो, आणि पश्चिमेचा वारा ती सगळी गोळा करून थेट बैठकीवर आणून सोडतो. तें यंत्र उत्तरेच्या भिंतीवर न्यावें.

जुन्या वास्तुशास्त्रांत आग्नेय दिशा अग्नीची, म्हणून स्वयंपाकघर तेथें. या नियमाचें मूळ काय असेल तें असो. पश्चिमेच्या वाऱ्याच्या प्रदेशांत त्यामुळें चुलीचा धूर घरांत न फिरतां बाहेर जाई, एवढा एक फायदा तर उघड दिसतो. आमच्या प्रश्नापुरतें सांगावयाचें तर या नियमामुळें एक मोठें काम आपोआप झालें आहे. ऊन आणि वारा ज्या कोपऱ्याकडे बोट दाखवितात, त्याच कोपऱ्यांत स्वयंपाकघर येऊन बसलेलें आहे.

आतां त्या चहाच्या तबकाकडे वळूं. मागच्या स्वयंपाकघरांतून माजघर व दिवाणखाना ओलांडून पुढच्या व्हरांड्यांत जावयाचें तर साधारण पंचवीस पावलें होतात. नऊ माणसांचा चहा एका तबकांत मावत नाहीं. दोन फेऱ्या चहाच्या, एक पाण्याची, एक खाण्याची, कोणाला बिनसाखरेचा हवा म्हणून आणखी एक, आणि शेवटीं भांडीं उचलण्याच्या दोन. जाऊन येऊन हा हिशेब साडेतीनशें पावलांवर जातो. पावलांचें कांहीं मोठें दुःख नाहीं. बायका दिवसभरांत त्याहून कितीतरी अधिक चालतात. दुःख आहे तें निराळेंच. दूध गॅसवर ठेवलेलें असतांना पुढच्या व्हरांड्यांत निवांत बसतां येत नाहीं. बोलणें रंगांत आलेलें असतें, कोणीतरी प्रवासाची हकीकत सांगत असतें, आणि ऐन वेळीं उठून आंत जावें लागतें. परत यावें तों हकीकत संपलेली असते आणि सर्वजण हंसत असतात. "काय झालें?" म्हणून विचारावें तर, "अग, तूं नव्हतीस का येथें?" असें उत्तर मिळतें. असें वर्षानुवर्षें झालें म्हणजे ती बाई बैठकींत येऊन बसण्याचेंच सोडून देते, आणि मग तिला गप्पांची हौसच नाहीं असें घरांत ठरून जातें.

बैठक स्वयंपाकघराला लागून असली तर हें सर्व बदलतें, आणि त्यासाठीं कोणाला उपदेश करावा लागत नाहीं. भिंतींत चार फूट रुंदीची खिडकी ठेवावी, तिच्या बाहेरच्या बाजूस हातभर रुंद दगडी फळी बसवावी. कपबशा खिडकींतून बाहेर येतात आणि खिडकींतूनच आंत जातात. ज्याला दुसरा कप हवा त्यानें उठून घ्यावा. पुरुषांचे हातहि त्या फळीपर्यंत सहज पोंचतात असा अनुभव आहे. आंत उभें राहून पोळ्या लाटणारीलाहि बाहेरचें बोलणें ऐकूं येतें व मध्येंच आपलें म्हणणें घालतां येतें. चैत्रांतील हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हें पन्नास बायकांना द्यावयाचें असो, किंवा रविवारीं सकाळीं घरच्याच माणसांचे पोहे असोत, ही खिडकी एका माणसाचें काम करते. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. धूर बाहेर काढणाऱ्या पंख्याचें तोंड बैठकीकडे असूं नये, नाहीं तर मिरचीच्या फोडणीला पाहुण्यांसह सर्वांना ठसका लागेल. तें तोंड उत्तरेकडे किंवा छपरावर न्यावें. आणि मोरीचें पाणी उघड्या पन्हाळींतून जात असेल तर आधीं तें बंद नळांतून न्यावें, मग बैठकीचा पाया खणावा.

मागची बाजू म्हटली कीं कपडे वाळत घालण्याचा प्रश्न येतोच. पुष्कळ घरांत बैठकीची हौस याच कारणानें मोडते. पाहुण्यांच्या डोक्यावर धोतरें व लुगडीं लोंबत असणें कोणालाच आवडत नाहीं. दोऱ्या गच्चीवर न्याव्या असें सर्वजण सहज सांगतात, पण ओल्या कपड्यांची बादली रोज जिन्यानें वर नेणें म्हणजे तबकाच्या फेऱ्या वांचवून दुसरी शिक्षा पदरांत घेण्यासारखें आहे. अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यांत, जेथें संध्याकाळचें तिरपें ऊन येतें म्हणून बसावयास नको वाटतें, तेथें दोऱ्या बांधाव्या. सकाळपासून दुपारपर्यंत तेथें पूर्वेचें ऊन मिळतें, आणि संध्याकाळीं माणसें बसावयाच्या सुमारास कपडे काढून झालेले असतात.

मामंजींच्या म्हणण्याकडे मात्र दुर्लक्ष करूं नये. घराच्या शोभेविषयीं ते बोलतात, पण त्यांच्या मनांत बहुधा रस्ता आहे. ज्या माणसानें चाळीस वर्षें रोज बाहेर जाऊन काम केलें, त्याला निवृत्त झाल्यावर जगाशीं संबंध म्हणून उरतो तो एवढाच: पेपरवाला कितीला आला, शाळेची गाडी गेली कीं नाहीं, समोरचे गृहस्थ आज काठी घेऊन निघाले ते कां. बरोबरीचे मित्र एकेक करून कमी झालेले असतात. त्यांच्या जागीं जाणारे-येणारे लोक असतात. अशा माणसाला मागच्या अंगणांत, झाडांकडे तोंड करून बसविलें, तर सावली व वारा मिळूनहि तो एकटाच पडतो. सुदैवानें यांत तडजोड करावी लागत नाहीं. पश्चिमाभिमुख घराचा पुढचा भाग सकाळीं घराच्याच सावलींत असतो. साडेसहापासून अकरापर्यंत तेथें बसावयास पुण्यांत उत्तम. तेव्हां पुढें कमानीचा व्हरांडा न बांधतां जोत्यालाच लागून सात फूट लांब व चार फूट रुंद असा साधा दगडी ओटा, पाठीला टेकावयास भिंत आणि वर हातभर छज्जा, एवढें करावें. दोन खुर्च्या व एक पेपर यांना ती जागा पुरते. दारावर आलेल्या माणसाला घरांत न घेतां बसवून बोलतांहि येतें, ही सोय हल्लींच्या घरांतून अगदींच नाहींशी झाली आहे. संध्याकाळीं मामंजी मागें येतील. न आले तर नातवंडांनीं बोलावून आणावें.

गच्चीचा पक्ष तरुणांचा असतो, आणि त्यांत अर्थ नाहीं असें नाहीं. वारा सर्वांत चांगला तेथें, आकाश मोठें, आणि बांधकामाचा खर्च कमी. परंतु सिमेंटची लादी दिवसभर ऊन पिऊन ठेवते आणि रात्रीं नऊ-दहापर्यंत तें परत करीत असते. वर पत्रे घातले तर दिवसा लादी तापत नाहीं, पण पत्रे तापतात आणि त्यांची धग डोक्यावर येते. पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे तर याबाबतींत सर्वांत वाईट. शिवाय अठरा-वीस पायऱ्या आहेत. सासूबाईंनीं एका वाक्यांत जें सांगितलें आहे त्यावर अधिक भाष्य नको. ज्या बैठकीला घरांतील एक माणूस कायमचें येऊं शकत नाहीं ती कुटुंबाची बैठक नव्हे. कोजागिरीला दूध आटवून वर न्यावें, मे महिन्यांत मुलांनीं अंथरुणें टाकून झोपावें, याकरितां गच्ची आहे तशीच राहूं द्यावी. तेथें सांगाडा उभा केला कीं चांदणेंहि गेलें.

वर केलेला हिशेब पुण्याचा व साधारणतः देशावरचा आहे. कोंकणांत तो तसाच उचलून नेला तर फसेल. रत्नागिरीला वर्षाकांठीं पाऊस पुण्याच्या चौपटीहून अधिक, आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. तेथें पहिला प्रश्न सावलीचा नसून भिंत भिजूं न देण्याचा आहे. म्हणूनच कोंकणी घराला उतरत्या छपराची पडवी असते. पाऊस संपला कीं पुढचें खळें चोपून सारवावें, त्यावर झापांचा मांडव घालावा आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीं तो काढून टाकावा, ही तेथील रीत. बाहेरची बैठक ही कायमची बांधावयाची वस्तु आहे अशी समजूतच तेथें नव्हती, आणि त्या पावसांत ती समजूत बरोबरहि होती. गोव्यांतील जुन्या घरांना पुढें बाल्कांव असतें, पायऱ्या चढून गेलें म्हणजे दोन्ही बाजूंस बांधीव बांकें आणि वर छप्पर. तें मुद्दाम रस्त्याकडेच असतें, कारण संध्याकाळीं शेजाऱ्यांशीं बोलणें हेंच त्याचें काम. आमच्या मामंजींना तें फार आवडेल. नागपूरकडे मे महिन्याच्या संध्याकाळीं वाहणारा वाराच इतका तापलेला असतो कीं त्याला वाट करून देण्याऐवजीं अडवावेंसें वाटतें. तेथें बाहेर बसावयाचें तें दिवेलागणीनंतर, अंगणांत पाणी शिंपडून. म्हणून तेथें छपरापेक्षां उघडें आकाश बरें, आणि पूर्वेचें अंगण चांगलें, कारण तें दुपारीं लवकर सावलींत जातें व रात्रीपर्यंत निवतें.

झाडांविषयीं एक सूचना. परदेशी पुस्तकांतून असें वाचावयास मिळतें कीं बैठकीजवळ पानगळीचें झाड लावावें, म्हणजे उन्हाळ्यांत सावली व हिवाळ्यांत ऊन मिळतें. तिकडे पानें थंडीच्या तोंडावर गळतात. आपल्याकडचे पळस, पांगारा, सांवर हे ऐन फाल्गुन-चैत्रांत निष्पर्ण होतात. बहावाहि फुलतो तेव्हां पानांनीं विरळच असतो. फुलें पाहून डोळे निवतात, पण डोकें तापतें. पश्चिमेच्या भिंतीचें ऊन अडविण्याला कडुनिंब किंवा करंज चांगला. पानें झडलीं तरी उन्हाळा भरांत येण्यापूर्वीं नवी पालवी येते. जागा लहान असेल तर बकुळ लावावी. ती सदा हिरवी असते व हळू वाढते. झाड पायापासून पुरेसें दूर असावें. बैठकीच्या अगदीं वर आंबा नको. मोहोराचा चिकटा खालच्या प्रत्येक वस्तूवर पडतो.

मापें काढतांना हात आंखडूं नये. सहा फूट रुंदीचा व्हरांडा ही जाण्यायेण्याची वाट होते, बैठक होत नाहीं. खुर्ची मांडून तिच्यापुढून माणूस जावयाचा तर आठ फूट लागतात, आणि नऊ माणसांना वर्तुळांत बसावयाचें तर बारा फूट लांबीरुंदी हवी. सर्वजण एका ओळींत रेल्वेच्या फलाटावर बसल्याप्रमाणें बसले तर संभाषण दोघांदोघांचें होतें. झोपाळा टांगावयाचा असल्यास कड्या छपराच्या तुळईला अडकवाव्या आणि मागेंपुढें प्रत्येकीं तीन-साडेतीन फूट मोकळे सोडावे. खिडकीच्या फळीसमोर तर झोपाळा कदापि नको, चहा कोणाच्या अंगावर सांडेल याचा नेम नाहीं. फरशी खरबरीत शहाबादी उत्तम. ती घराच्या फरशीहून दोनच इंच खालीं असावी, म्हणजे पाणी आंत येत नाहीं आणि गुडघे दुखणाऱ्यांना पायरीहि लागत नाहीं. बाहेरच्या बाजूस दर दहा फुटांना सव्वा इंच उतार द्यावा. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यांतून एकदां ओतून कोरड्या कराव्या, कारण डेंग्यूचा डांस गटारापेक्षां अशाच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत वाढतो आणि तो दिवसाउजेडीं चावतो.

एवढें सर्व ठरल्यावरहि गवंड्याला लगेच बोलावूं नये. मोबाइलमधील होकायंत्रानें घराच्या दिशा आधीं नक्की कराव्या. पुष्कळ घरें आपण समजतों तशीं नेमकीं पूर्व-पश्चिम नसतात, आणि पंधरा-वीस अंशांचा फरकहि वरचा हिशेब बदलूं शकतो. शेजारीं नवी उंच इमारत उठणार असेल तर तिचीहि चौकशी करावी, म्हणजे कोणतें ऊन व कोणता वारा पुढें राहणार आहे हें कळेल. मग आग्नेय कोपऱ्यांत बारा फूट लांबीरुंदीचा चौकोन फक्कीनें आंखावा, घरांतल्याच खुर्च्या व सतरंजी तेथें टाकावी, आणि पंधरा दिवस संध्याकाळचा चहा तेथें घ्यावा. कोणती खुर्ची रोज रिकामी राहते, कोण कोणत्या बाजूला सरकून बसतें, सहा वाजतां ऊन कोठून येतें, शेजारच्या खिडकींतून कोणाची दृष्टि पडते, हें कागदावर लिहून ठेवावें. खिडकी अद्याप फोडलेली नसल्यामुळें तबक दारांतूनच न्यावें लागेल. तें या पंधरा दिवसांत भाऊजींनीं न्यावें, अशी आमची शिफारस आहे.